मालवणच्या स्कूबावाल्या दादांना, बाबांच्या कानाबद्दल

दादा, नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर जेटीवरची मंडळी आठवडाभर तुमची फिरकी घेतील आणि तुम्ही माझा फोन उचलणं बंद कराल, एवढा तुमचा स्वभाव त्या एका सकाळीत कळला. पण गप्पही बसवत नाही. घरी आल्यापासून हा विषय निघाला की माझा गळा दाटतो आणि आई ‘पुरे आता’ म्हणत स्वयंपाकघरात जाते. म्हणून म्हटलं, एकदाचं लिहून मोकळं व्हावं.

आमचे बाबा तुम्हाला आठवत असतीलच. बोटीत पाय ठेवल्या ठेवल्या ‘मी एसटीत कंडक्टर होतो, कोल्हापूर-मालवण गाडीवर’ असं सांगून मोकळे झालेले, तेच. कितीतरी वर्षं मालवण स्टँडवर उतरायचं, चहा मारायचा, परतीच्या गाडीची तिकिटं फाडायला लागायचं. समुद्र हाकेच्या अंतरावर, पण ड्युटीवरच्या माणसाला कसला समुद्र! रिटायर झाल्यावर म्हणाले, सिंधुदुर्ग वरून पुष्कळ बघितला, आता त्याच्या बाजूचं पाणी आतून बघायचं.

आता त्यांचा स्वभाव. बाबा दुखतंय म्हणणाऱ्यातले नाहीत. दाढ किडून गाल सुजला तरी ‘काय नाही झालं’ म्हणतात. त्यातून पंचगंगेच्या पुरात उड्या टाकलेला माणूस, त्यामुळे पाण्याची भीती कबूल करणं म्हणजे इज्जतीचा प्रश्न. अशा माणसाला पाण्याखाली नेणं किती जोखमीचं असतं, हे मला तुम्हाला भेटल्यावर समजलं. घाबरलेला माणूस हातपाय मारतो, निदान दिसतो तरी. हे शेवटपर्यंत ‘ओके, ओके’ करत राहतात.

तुमच्याआधी एकदा दुसऱ्या एका किनाऱ्यावर हा प्रयोग झाला होता. कुठला किनारा, कुणाची बोट, ते जाऊ दे. तिथे काउंटरवरच्या पोराने आजारांचा फॉर्म आमच्या देखत स्वतःच भरला. दमा, बीपी, कान, हृदय, सगळ्यापुढे ‘नाही’, ‘नाही’ टिकमार्क करत खाली आला आणि सहीपुरता कागद बाबांपुढे सरकवला. बाबा बीपीची गोळी घेतात, असं मी म्हटलं तर ‘अंकल फिट आहेत’ म्हणाला! शिकवणं बोटीत, इंजिनाच्या आवाजात. त्यांच्या गाइडच्या एका हातात बाबा, दुसऱ्या हातात कॅमेरा, आणि लक्ष पुढच्या गिऱ्हाइकाकडे. वर आले तेव्हा बाबांच्या मास्कमध्ये रक्त होतं, नाकातून आलेलं. त्यावर काय उत्तर मिळालं? ‘होतं असं.’ सोबत एक ओला टॉवेल. व्हिडिओ मात्र फर्स्टक्लास, गाणंबिणं लावून.

त्यानंतर आईने स्कूबाचं नाव काढायचं नाही असं बजावलं होतं. तिला मे २०२२ मधली तारकर्लीची बातमीही पाठ आहे, स्कूबाहून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटकांचा जीव गेला ती. तिचं काय चुकलं? आपल्याकडे स्कूबा म्हणजे जत्रेतला पाळणा होऊन बसलाय. दिवाळीच्या सुट्टीत तर ‘चला चला, पुढचे बसा’ एवढंच ऐकू येतं.

तुम्ही बाबांना किनाऱ्यावर बसवून काय काय विचारलंत, डॉक्टरची चिठ्ठी कशी दोनदा वाचलीत, ते सगळं लिहीत बसत नाही. एक मात्र मनात राहिलंय. कान का दुखतो हे तुम्ही बाबांना समजावलंत, तेही लहान मुलासारखं वागवून नाही. दहा मीटर खाली गेलं की दाब वरच्या दुप्पट होतो, आणि सगळ्यात जास्त त्रास देतात ते पहिले काही मीटर, तळ नव्हे. म्हणून नाक चिमटीत धरून नाकातूनच हळूच फुंकर मारायची ती कान दुखायच्या आधी, दुखायला लागल्यावर नाही. आणि काहीही झालं तरी श्वास रोखायचा नाही, कारण वर येताना आतली हवा फुगते आणि फुप्फुसाला इजा करते. बाबा मान डोलावत होते. पंचगंगेत बुडी मारायची म्हणजे आधी श्वास कोंडायचा, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. त्यांना ते उलटं शिकवायला तुम्ही जेवढा वेळ दिलात, तेवढ्यात शेजारच्या बोटीची एक फेरी मारून झाली. तुमचे मालक दोनदा घड्याळ दाखवून गेले. तुम्ही म्हणालात, ‘दर्या खंय जाता? हंयच आसा.’

मग तुम्ही दोघं दोर धरून खाली गेलात. माझी पाळी नंतर होती, म्हणून मी बोटीत. थोड्याच वेळात दोघंही वर! तुम्ही तोंडातलं रेग्युलेटर, म्हणजे श्वासाची नळी, काढून सगळ्या बोटीला ऐकू जाईल असं म्हणालात, ‘काका, माफ करा हां, माझोच कान बसलो. जरा थांबूया.’ बोटीतली पुण्याची पोरं हसली. ‘गाइडचाच कान बसला!’ बाबा बोटीच्या कडेला हात टाकून, मोठ्या मनाने म्हणाले, ‘असू दे, असू दे, होतं. घ्या दम तुम्ही.’

मीही खरंच मानलं. हिवाळ्यात सर्दी कुणाला होत नाही?

संध्याकाळी फोंडाघाट चढून वर आल्यावर चहाला थांबलो, तेव्हा बाबा कपाकडे बघत म्हणाले, ‘त्या पोराचा कान काय दुखत नव्हता. दुखत होता माझा.’

रात्री घरी आल्यावर मी तुमच्या पोराने काढलेला व्हिडिओ लावला. एरवी कुणी तो दुसऱ्यांदा बघणार नाही. अर्धा वेळ दोर आणि बुडबुडेच आहेत. पण तो क्षण त्यात आहे. तुम्ही बाबांना हाताच्या खुणेने विचारता, ओके? बाबा लगेच बोटांचं वर्तुळ करून दाखवतात, ओके. तुम्ही हलत नाही. तुमची नजर त्या बोटांवर नाहीच. दुसऱ्या हाताने त्यांनी दोर इतका आवळलाय की नखं पांढरी पडलीत, खांदे कानापर्यंत चढलेत, आणि बुडबुड्यांमध्ये खंडच नाही, म्हणजे श्वास धापा टाकल्यासारखा. पुन्हा विचारता. पुन्हा ओके. मग तुम्ही आपला पंजा आडवा धरून डावीउजवीकडे हलवता, म्हणजे काहीतरी बिघडलंय, आणि बोट लावता ते स्वतःच्या कानाला. मग अंगठा वर, चला वर. आणि बाबांचे खांदे, दादा, तिथेच खाली येतात. पाण्यातच.

हे कुठल्या कोर्समध्ये शिकवतात का, मला ठाऊक नाही. वर घेऊन येणं हे कर्तव्यच होतं. हाताला धरून आणलं असतं, वर येऊन ‘काकांना जमत नाही’ म्हटलं असतं, तरी सुरक्षेच्या नियमात ते चोख बसलं असतं. पण मग बाबा पुन्हा पाण्यात उतरले नसते, आणि पुढच्या वेळी कुठे काही दुखलं तर आणखी लपवलं असतं. तुम्ही दहा-बारा लोकांसमोर स्वतःचं हसं करून घेतलंत आणि साठीच्या एका अनोळखी माणसाची पत राखलीत. चहा पिताना बाबा म्हणाले, गाडीत म्हातारं माणूस तिकिटाला दोन रुपये कमी पडून चाचपडायला लागलं की आम्ही ‘सुट्टे नाहीत होय, राहू द्या’ म्हणायचो, ते ह्या पोराला कसं ठाऊक?

दुसऱ्यांदा तुम्ही त्यांना हातभर दोर सोडत, थांबत, हातभर सोडत नेलंत, आणि निम्म्यावरच थांबलात. बाबा तळापर्यंत गेलेच नाहीत. त्यांनी अंगावर काळे पट्टे असलेले मासे बघितले, खडकाला तोंड घासणारा एक निळा-हिरवा मासा बघितला. शेजारीपाजारी हे सगळं सांगताना ते स्वतःहून म्हणतात, ‘अर्ध्यावरूनच आलो, कान दुखला.’ आई माझ्याकडे बघते. एवढ्या वर्षांच्या संसारात हे वाक्य तिने पहिल्यांदा ऐकलं.

पावसाळ्यात तुमचं बंद असतं. पाऊस उघडून पाणी निवळलं की आम्ही येतोय. बाबांनी कानाच्या डॉक्टरांची वेळ आत्ताच विचारून ठेवलीय. या वेळी आईसुद्धा येणार म्हणते, पाण्यात नाही, नुसती बघायला. फक्त तिला बोट लागते. तुमचं होईपर्यंत तिला किल्ल्यावर उतरवून ठेवता येईल का, तेवढं कळवा.

तुमची,
कोल्हापूरच्या कंडक्टरकाकांची मुलगी