आधी गार करा, मग गाडीत घाला : आमच्या गोलूच्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सादर नमस्कार.

एप्रिलमधल्या त्या दुपारी तुम्हाला फोन लावला तेव्हा माझ्या तोंडून धड वाक्य फुटत नव्हतं. नागपूरचं ४३ अंशांचं ऊन, लाइट गेलेले, कूलर बंद. आमचा गोलू, चपट्या नाकाचा पग जातीचा कुत्रा, फरशीवर चारी पाय पसरून पडला होता. जीभ जांभळी, तोंडाला फेस. मी त्याला टॉवेलात गुंडाळून तुमच्याकडे निघणारच होते. तुम्ही म्हणालात, "ताई, टॉवेल काढा. आधी गार करा, मग गाडीत घाला." मी नळाकडे धावले, तर लगेच विचारलंत, "गच्चीवरची टाकी ना? ते पाणी तापलेलं असेल. माठ आहे का घरात?"

माठातलं पाणी पोटावर, मांड्यांच्या आतल्या बाजूला, पंज्यांवर ओतत होते आणि सासूबाई सुपाने वारा घालत होत्या. तोंडात पाणी ओतायचं नाही, हे तुम्ही तीनदा बजावलंत. जिभेवर पुन्हा गुलाबी रंग दिसेपर्यंत तुम्ही फोन ठेवला नाहीत. क्लिनिकला पोचलो तेव्हाही ताप १०५ होता. तसाच गुंडाळून आणला असता तर काय झालं असतं, हे तुम्ही बोलला नाहीत. मला ते नंतर वाचून कळलं.

त्यासाठी आभार मानायचे आहेतच. पण हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय ते पुढच्या गोष्टींसाठी.

२००३ साली हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत त्या मुलामागे चालणारा पग पाहिला तेव्हापासून मला पग हवा होता. गोलू आला आणि पहिल्या दिवसापासून घोरायला लागला. आम्हाला त्याचं कौतुक! घोरतानाचे व्हिडिओ मी घरच्या ग्रुपवर टाकायचे. झोपताना तो रबरी चेंडू दातांत धरायचा, आम्ही म्हणायचो, किती जीव आहे याचा चेंडूवर. आधी ज्यांच्याकडे लसीकरणाला न्यायचो त्यांनाही विचारलं होतं. "पग आहे, घोरणारच," एवढंच उत्तर मिळालं आणि मी चार वर्षं त्यावर विसंबले.

तुम्हाला चेंडूचं सांगितलं तेव्हा तुम्ही लिहिता लिहिता थांबलात. "तो तोंड उघडं राहावं म्हणून चेंडू धरतो, ताई. तोंड मिटलं की त्याला श्वास घेता येत नाही." त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग तुम्ही त्याच्या गळ्याला स्टेथोस्कोप लावलात, त्याला कॉरिडॉरमध्ये तीन मिनिटं झपझप चालवलंत, पुन्हा लावलात आणि ते मला ऐकवलंत. करवतीने लाकूड कापावं तसा आवाज होता. या कुत्र्यांची कवटी माणसाने पिढ्यान्‌पिढ्या आखूड करत आणली, पण आतलं मांस त्या मानाने कमी झालं नाही, हे तुम्ही कागदावर काढून दाखवलंत. नाकपुड्या म्हणजे नुसत्या चिरा, आणि मऊ टाळू लांब होऊन श्वासनलिकेच्या तोंडावर लोंबणारा. कागदी स्ट्रॉने घट्ट लस्सी जोरात ओढली की स्ट्रॉच चपटी होते, तसं त्याच्या घशात रोज चाललंय. वर्षानुवर्षं चाललं तर स्वरयंत्रच खचत जातं, म्हणून फार थांबायचं नाही. आणि कूलरचं! दमट हवेत जिभेवरची लाळ सुकत नाही, म्हणून धापा टाकूनही अंग निवत नाही. त्याला सुख म्हणून मी दिवसभर कूलरपुढे बसवत होते.

तरी तुम्ही लगेच ऑपरेशनची तारीख दिली नाहीत. वजन ११ किलो ४०० ग्रॅम होतं. गळ्याचा पट्टा काढून हार्नेस, फिरणं पहाटे साडेपाचला, आणि सासूबाईंची तूप-पोळी बंद. त्या तुमच्यावर महिनाभर रागावल्या होत्या, हे आता सांगायला हरकत नाही.

जुलैत ऑपरेशन झालं. नाकपुड्या रुंद केल्या, टाळूचा वाढीव भाग कापला. मला सगळ्यात जास्त आठवतं ते त्यानंतरचं. गोलूने डोळे उघडले, मान हलवली, तरी तुम्ही भूल देताना घशात घातलेली श्वासाची नळी काढली नाहीत. तुम्ही फरशीवर मांडी घालून बसला होतात, त्याची हनुवटी तुमच्या तळहातावर. तो नळी चावायला लागला, चांगली चावायला लागला, तेव्हाच काढलीत. सूज आली तर पहिल्या चोवीस तासांत येते म्हणून रात्रीही थांबलात. सकाळी तुमच्या सलवारीवर गोलूची वाळलेली लाळ होती, आणि तुम्ही मलाच विचारलंत, "चहा घेतलात का?"

तुम्ही खोटी आशाही दाखवली नाहीत. तो लांब नाकाच्या कुत्र्यासारखा कधीच होणार नाही, ऊन त्याला जन्मभर जपावं लागेल, हे आधीच सांगितलंत. तसंच आहे. थोडा घोरतोही अजून. पण आता कुशीवर झोपतो, तोंड मिटून. चेंडू परवा दिवाणाखाली झाडताना सापडला, धुळीने माखलेला.

शेजारच्या ताईंचा बुलडॉगही तसाच आवाज करतो. त्यांना तुमचा नंबर दिलाय, शनिवारी येतील. गोलूचं वजन काल ८ किलो २०० ग्रॅम भरलं. सासूबाईंनी तुमच्यासाठी सांडगे काढून ठेवलेत, पुढच्या तपासणीला येताना आणते.

तुमची कृतज्ञ,
गोलूची आई