डब्यावर लिहिलंय औषध नाही, मग कॅम्पात शुगरची गोळी बंद करा कोण सांगायलंय?

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत फंक्शनल फूड आणि न्यूट्रास्युटिकल्सवर, म्हणजे तब्येतीला चांगलं म्हणून विकतात त्या खाण्याच्या वस्तू, पावडरी, कॅप्सूल यांच्यावर, अख्खं पान आलं ते वाचलं. मी सेलूला मेडिकल चालवतो आणि असल्या पावडरी, कॅप्सूल माझ्या पण काउंटरवर आहेत, तेव्हा मी काय लई साधू म्हणून लिहायलो नाही. पण त्या पानावर जे आलंच नाही तेच गिऱ्हाईकाच्या कामाचं होतं.

ह्या वस्तू कायद्यानं खाद्यपदार्थ आहेत, औषध नाहीत. लायसन एफएसएसएआयचं, म्हणजे सरकारच्या अन्न सुरक्षा खात्याचं असतं आणि त्यांच्या नियमांप्रमाणं डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापावंच लागतं. छापतात की, पण इंग्रजीत, मागच्या बाजूला, बारीक अक्षरात, ते आमच्या गिऱ्हाईकानं वाचायचं कसं? दुसरं असं की औषध नसल्यामुळं सरकार काही औषधांचा जसा भाव बांधतं तसा इथं बांधत नाही, कंपनी म्हणेल ती एमआरपी. भाव बांधलेल्या औषधात आम्हाला 16 टक्के मार्जिन धरलेलं असतं, पावडरीच्या डब्यात कंपनीची दुकानदाराला असलेली स्कीम धरून बरंच जास्त सुटतं. त्यामुळं मेडिकलवाला स्वतःहून "काका प्रोटीन घेऊन जा की" म्हणला तर काकांनी जरा दमानं घ्यावं, मी म्हणलो तरी.

पण खरा घोळ दुकानात नाही, मंगल कार्यालयात आहे. डबे विकणारे तिथं कॅम्प लावतात, फ्री शुगर चेकअप म्हणून गावात रिक्षा फिरवतात, बोटातून रक्त घेतात, आकडा जरा जास्त आला की डबा पुढं करतात आणि सांगतात तीन महिने हे घ्या, गोळीची गरजच पडणार नाही. माझे एक जुने गिऱ्हाईक, वय सत्तरच्या घरात, 1800 चा डबा घेऊन आले आणि मला म्हणाले, "भाऊ, ह्या महिन्यात गोळ्या देऊ नका, आता बंद करा म्हणून सांगायलेत". मी डोकं फोडून सांगितलं पण ऐकलं नाही, पुढं शुगर चारशेच्या वर गेली आणि परभणीला ॲडमिट करायची वेळ आली. डब्यात काय होतं म्हणाल तर कारलं, जांभूळ, मेथी. आता मेथी अगदीच खोटी नाही, तिच्यातल्या फायबरनं जेवणानंतरची साखर थोडी कमी चढते, इसबगोलनं पण कोलेस्टेरॉल थोडं उतरतं, पण ते थोडंच आणि तेही गोळी चालू ठेवून.

डायबेटिस बरा करतो अशी जाहिरात करायला 1954 च्या औषधं आणि चमत्कारी उपाय यांच्या जाहिरातींवरच्या कायद्यानं बंदी आहे आणि त्यात तोंडी घोषणा पण जाहिरातच धरलीय. अन्न सुरक्षा कायद्यात फसव्या जाहिरातीला 10 लाखापर्यंत दंड आहे. पण कॅम्पात कोण काय बोललं ह्याचं रेकॉर्डिंग कुणी करत नाही, तक्रार तर लांबच.

आणि जे खरंच कामाचं आहे त्याची हालत बघा. रेशनवर जो फोर्टिफाइड, म्हणजे पोषण वाढवलेला तांदूळ आला त्यात शंभर दाण्यांमागं एक दाणा वेगळा असतो, तांदळाच्याच पिठात लोह, फोलिक ॲसिड आणि बी-12 घालून मशीनमधून दाण्याच्या आकारात काढलेला. धुताना तो वर तरंगतो, रंग पण जरा वेगळा, म्हणून बायका प्लास्टिकचा तांदूळ म्हणून निवडून फेकून देतात! देशात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना ॲनिमिया आहे असं सरकारच्याच पाचव्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) आलंय, आणि फुकटचं लोह उकिरड्यावर टाकून तीच मावशी माझ्याकडं रक्तवाढीचं टॉनिक मागायला येते. मावशीची चूक नाही, तिला कुणी सांगितलंच नाही. तसंच परभणीच्या कृषी विद्यापीठानं हैदराबादजवळच्या इक्रिसॅट ह्या पीक संशोधन संस्थेसोबत काढलेली 'परभणी शक्ती' ज्वारी, 2018 ला आली, नेहमीच्या ज्वारीपेक्षा लोह आणि जस्त जास्त, आमच्याच जिल्ह्याचं नाव तिला आहे पण माझ्या गिऱ्हाईकांत कुणाला विचारलं तर नाव पण माहीत नसतं. तुमच्या पानावर मात्र बाहेरून आलेल्या चिया सीड्सचा मोठा फोटो होता. आमच्या जवसात पण चियासारखंच ओमेगा-3, म्हणजे चांगली चरबी, आहे की, फक्त जवस अख्खंच गिळलं तर तसंच बाहेर पडतं, कुटून चटणी केली तर अंगी लागतं.

अजून एक, हे रोज बघतो म्हणून लिहितो. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियमची कॅप्सूल लोक एकाच घोटात घेतात, मग गोळी नीट शोषली जात नाही, दोन्हीत चार तासांचं अंतर पाहिजे. हळदीचं कॅप्सूल पुष्कळदा मिरीच्या अर्कासोबत येतं, भाजीतल्या चिमूटभर हळदीचं ठीक आहे पण कॅप्सूलचा डोस फार मोठा असतो, त्यानं लिव्हरला त्रास झाल्याच्या केसेस नोंदल्या गेल्यात, रक्त पातळ करायची गोळी चालू असणाऱ्यांनी तर डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावू नये. "नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाही" हे वाक्य तुमच्या पानावर दोन ठिकाणी होतं.

तर मागणी एवढीच की डब्यावरची ती ओळ मराठीत आणि समोरच्या बाजूला छापायची सक्ती व्हावी, रेशन दुकानात त्या दाण्याबद्दल मराठीत मोठा बोर्ड लागावा, आणि साहेब राग मानू नका, पण पुढच्या वेळी कंपनीनं पैसे देऊन छापलेलं पान असलं तर वर 'जाहिरात' असं ठळक लिहा.

— एक मेडिकल दुकानदार, सेलू, जि. परभणी