लेख बालविभागात नको

नौपाडा, ठाणे
११ ऑगस्ट

प्रिय मुग्धा,

तुझ्या मागच्या पत्राचं उत्तर राहिलंय, ते नंतर. आधी हे वाच. इकडे सगळे बरे. बाबांची शुगर आटोक्यात आहे, माझी पाठ अधूनमधून धरते. झालं.

संपादकांचा फोन आला होता. दिवाळी अंकासाठी दिलेला टॉम अँड जेरीवरचा लेख मिळाला, आवडला, "पण". एकतर तो बालविभागात जाईल, शब्दकोड्याच्या आधी. नाहीतर त्यातला तांत्रिक भाग काढून तिथे आठवणी घालायच्या: रविवारची सकाळ, दूरदर्शन, शेजाऱ्यांकडचा रंगीत टीव्ही, आईची आंघोळीसाठी हाक. "वाचक त्यानेच हळवा होतो हो," म्हणाले. गुरुवारपर्यंत कळवायचंय, पानं लावायला घेतलीत. ताईला सांगितलं तर ती म्हणाली, छापतायत ना, मग कशाला ताणतेस? म्हणून तुला लिहितेय. हे तुलाच कळणार.

मुलांसाठी लिहिणं कमी दर्जाचं, असं मला अजिबात वाटत नाही. पण लेख आहे हॅना आणि बार्बेरा या दिग्दर्शकांनी १९४० ते १९५८ या काळात एमजीएम या अमेरिकी चित्रपट कंपनीसाठी केलेल्या टॉम अँड जेरीच्या ११४ लघुपटांवर, आणि ते कोणी खास मुलांसाठी काढले नव्हते. चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाच्या आधी लागायचे, समोर सगळ्या वयाची माणसं बसलेली असायची. त्यांतल्या सात लघुपटांना ऑस्कर मिळालं. कार्टून म्हणजे मुलांचं, हा शिक्का पुढे टीव्हीने मारला, तिकडच्या शनिवार सकाळच्या कार्यक्रमांनी, साठच्या दशकात. आणि टीव्हीवरही १९६० साली 'द फ्लिंटस्टोन्स' सुरू झालं ते रात्रीच्या वेळेत, मोठ्यांसाठी. सुरुवातीला त्याची प्रायोजक सिगारेट कंपनी होती, त्यातले फ्रेड आणि बार्नी जाहिरातीत सिगारेट ओढताना दिसतात. हे मी संपादकांना सांगितलं, तर म्हणाले, मग तर बालविभागात मुळीच नको, आठवणीच लिहा!

आठवणी लिहायलाही माझी ना नाही, तूच लिही, तुझी भाषा गोड आहे. पण आठवणीच्या जोरावर कार्टून चांगलं की वाईट ते ठरवायचं, हे मला पटत नाही, आणि आपल्या वयाची माणसं सर्रास तेच करतात. छोटा भीमला नावं ठेवतात: हातपाय सांध्यात जोडल्यासारखे हलतात, मागची तीच झाडं पुन्हापुन्हा येतात. बरोबर आहे. पण हीच माणसं १९६९ च्या स्कूबी डूवर जीव टाकतात, आणि त्यात पळताना मागून तीच भिंत आणि तोच दरवाजा किती वेळा जातो ते त्यांनी कधी पाहिलेलं नसतं. योगी बेअरच्या गळ्यात कॉलर आणि टाय का आहे, हे तुला मीच सांगितलं होतं. मानेपाशी जोड लपतो, मग धड तसंच ठेवून नुसतं डोकं नव्याने काढलं की काम भागतं. एमजीएमने १९५७ मध्ये कार्टूनचा स्टुडिओ बंद केला, आणि हॅना-बार्बेरा या ज्या दोघांनी टॉमची एकेक मिशी हलवली होती, त्यांनीच योगी आणि स्कूबी काढताना टीव्हीच्या तुटपुंज्या पैशांत बसवण्यासाठी या युक्त्या वापरल्या. काटकसर इथेही आहे आणि तिथेही. फरक एवढाच की एक आपल्या लहानपणी लागायचं आणि दुसरं तुझ्या ओजसच्या. (तो अजून बघतो का गं? की आता मोठा झाला?)

म्हणून तर लेखात मोजमाप घातलं होतं, आणि नेमकं तेच यांना काढायचंय. तुला सगळं लिहिते, म्हणजे ते वाचकाला जड जाईल का हे तूच सांगू शकशील.

सात मिनिटांचा लघुपट म्हणजे सेकंदाला २४ प्रमाणे १०,०८० फ्रेम, म्हणजे फिल्मवरचे सुटे चौकोन. प्रत्येक फ्रेमला नवं चित्र नसतं. बहुतेक हालचालीत एक चित्र दोन फ्रेम धरतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं पुरतात. धावपळ किंवा आपटाआपटी आली, किंवा पात्राबरोबर कॅमेरा सरकू लागला, की फ्रेमला एक. जपानी टीव्ही मालिकांत पुष्कळदा एक चित्र तीन फ्रेम, म्हणजे सेकंदाला ८, आणि संवाद चालू असताना चेहरा तसाच ठेवून नुसतं तोंड. हे मोजायला काही विशेष लागत नाही. संगणकावर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमध्ये प्रसंग थांबवायचा आणि ई दाबत जायचं, दर दाबाला एक फ्रेम पुढे. चित्र बदललं की कागदावर रेघ. दहा सेकंदांचा तुकडा पुरतो, त्याहून जास्त घेतला तर डोळे दगा देतात.

मी प्रत्येक लघुपट तीन प्रकारे पाहते. आधी आवाज बंद करून, म्हणजे विनोद हालचालीत आहे की संगीताच्या ठोक्यात ते कळतं. मग पडद्याकडे पाठ करून नुसतं ऐकायचं. मग फ्रेम फ्रेम. 'द कॅट कॉन्सर्टो' (१९४७) मध्ये टॉम पियानोवर संगीतकार लिस्टची दुसरी हंगेरियन ऱ्हॅप्सडी वाजवतो, तो आवाज बंद करून बघ. पियानोच्या आत जेरी धुमाकूळ घालतोय, हातांची त्रेधा उडालीय, आणि टॉम मैफलीच्या वादकाचा रुबाब सोडत नाही. सगळं हसू चेहरा आणि हात यांच्या त्या विसंगतीतून येतं, आणि ते चित्रकाराचं काम आहे. आता तुझा प्रांत. टॉम अँड जेरीचा संगीतकार स्कॉट ब्रॅडली, त्याचं संगीत फ्रेमच्या हिशेबाने बांधलेलं असायचं. १२ फ्रेमला एक ठोका धरला तर मिनिटाला १२० पडतात, ८ फ्रेमला धरला तर १८०. तू टेबलावर मात्रा धर आणि बघ, टॉम जिन्यावरून घसरतो तेव्हा पायऱ्या लयीत येतात की नाही. पण शेवटची आपट समेवर येईल असं धरून चालू नकोस. कधी ती किंचित उशिरा येते आणि त्या उशिरालाच हसू येतं. हे ऐकून संपादक म्हणाले, "मॅडम, हे संगीताच्या अंकात शोभेल."

लेखातला मला सर्वांत प्रिय भाग मोजताना काय चुकतं त्याचा आहे, आणि तोही कापायचा म्हणतात. आपल्याकडच्या जुन्या टीव्ही रेकॉर्डिंगवर मोजायला बसू नये. पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम असतात, म्हणून २४ ची फिल्म सरळ २५ ने पळवतात. सात मिनिटं ६ मिनिटं ४३ सेकंदांत संपतात आणि सूर चढतो. किती? सा सोडतो, पण कोमल रे गाठत नाही, साधारण दोन तृतीयांश अंतरावर लटकतो. तुझ्या कानाला जुन्या कॅसेटवरचा टॉम किंचित चिरका वाटायचा ना, कारण हेच असणार. अमेरिकी टीव्हीच्या रेकॉर्डिंगमध्ये वेगळी भानगड: चार फ्रेमच्या पाच होतात, आणि त्या पाचांतल्या दोन कंगव्यासारख्या दातेरी, कारण दोन चित्रं एकात मिसळलेली. तिथे मोजलं की दोन फ्रेम धरलेलं चित्र तीन फ्रेमचं भासतं आणि माणूस भलतेच निष्कर्ष काढतो. नव्या टीव्हीत आणखी एक शत्रू बसलाय. हालचाल 'गुळगुळीत' करणारी सोय, नाव कंपनीगणिक निराळं, बहुतेक त्यात मोशन हा शब्द असतो. ती मधली चित्रं स्वतः तयार करून घुसडते. कार्टूनमध्ये अर्धा दम दोन चित्रांमधल्या उडीत असतो आणि ही सोय नेमकी ती उडीच बुजवते. ती आधी बंद करायची. आणि चित्र रुंद पडद्यावर ताणलेलं किंवा वरून-खालून कापलेलं नाही ना, तेही बघायचं. कापलेलं असेल तर टॉमचे पाय जातात, आणि पाय गेले तर त्याचं चोरपावलांनी चालणं कळणार कसं?

जीन डीचवरून झालेलं आपलं भांडण मी लेखात घातलंय, तुझं नाव न घेता. तलावपाळीला भेळेचा कागद फेकून निघून गेली होतीस ते आठवतंय ना? डीच या अमेरिकी दिग्दर्शकाने १९६१-६२ मध्ये प्रागमध्ये केलेले ते १३ टॉम अँड जेरी. हालचाल अडखळते, मान्य. टॉमचं वजन कुठे पडतंय ते कळत नाही, हेही मान्य. पण त्यांचा ध्वनिकार टॉड डॉकस्टेडर, त्याचे ते घुमणारे, रिकाम्या हौदातून आल्यासारखे आवाज आणखी कुठल्या कार्टूनमध्ये ऐकलेस? मी अजूनही मागे हटणार नाही. दिग्दर्शक चक जोन्सचे पुढचे ३४ दिसायला कितीतरी देखणे आहेत, पण त्यांत टॉम भुवया उंचावून पोज देत बसतो आणि मारामारी थंडावते. कर पुन्हा भांडण, पण आधी लेख वाच.

डबिंगचा परिच्छेद मात्र तुझ्यामुळेच आलाय. 'जंगल बुक' ही निप्पॉन ॲनिमेशन या जपानी कंपनीची १९८९ ची मालिका. हिंदीत गुलजारांचं शीर्षकगीत, विशाल भारद्वाजांचं संगीत आणि शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज. जपानी टीव्ही ॲनिमेशनमध्ये बोलताना तोंडाची बहुधा तीनच चित्रं असतात: मिटलेलं, अर्धं उघडं, पूर्ण उघडं. त्यामुळे हिंदी ओळ बसवायला मोकळीक मिळते, लांबी जमली की झालं. डिस्नेच्या चित्रपटात ओठ शब्दागणिक बदलतात, तिथे पडद्यावर ओठ मिटले की भाषांतरकाराला प, फ, ब, भ, म यांतलं काहीतरी शोधावंच लागतं. नानांचा शेरखान इतका मोकळा दरडावतो, त्यात त्या तीन चित्रांचाही वाटा आहे. हे वाचून कोण कंटाळेल गं? नाना म्हटल्यावर तरी वाचतील!

आणि भीतीचं एक उदाहरण. 'करेज द कावर्डली डॉग' या कार्टून मालिकेतला राजा रामसेसचा भाग. सगळं चित्र हाताने काढल्यासारखं सपाट, आणि रात्री अंगणात उभी राहते ती आकृती संगणकावर केलेली, वेगळ्याच प्रकाशातली. ती त्या जगातली नाहीच, हे डोळ्याला आधी कळतं आणि डोक्याला नंतर. लहानपणी खूप घाबरलो होतो, एवढंच लिहिलं तर त्या चित्रकारांचं श्रेय आपण गिळून टाकतो. 'बॅटमॅन: द ॲनिमेटेड सिरीज' (१९९२) ची पार्श्वचित्रं काळ्या कागदावर रंगवायचे. अंधार आधीच असायचा, रंगवायचा तो उजेड. हे ठाऊक झालं की तीच मालिका तू वेगळ्या डोळ्यांनी बघशील.

तडजोड म्हणून एक सुचतंय. संपादकांना आपल्याकडचं काही हवंच असेल तर 'एक अनेक और एकता' हा छोटा कार्टूनपट घालते. १९७४, दिग्दर्शन विजया मुळे यांचं, ॲनिमेशन भीमसेन यांचं. ज्यांना ती चिमणी आठवते त्यांतल्या फारच थोड्यांना मुळेबाईंचं नाव ठाऊक असतं. चारशे शब्द त्यावर, पण तेही असंच लिहीन: रेषा किती कमी वापरल्यात, गाणं चित्राला कसं ओढत नेतं. हळवं व्हायचं असेल त्याने खुशाल व्हावं. ते मान्य नसेल तर लेख परत मागवणार. पुढच्या वर्षी दुसरीकडे देईन. आठवणींचा लेख मी लिहिणार नाही.

तुझ्या सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं हे काकूंकडून कळलं, बरं वाटलं. व्यायाम चुकवू देऊ नकोस त्यांना. नव्या ऑफिसात जमतंय ना? बंगळुरूच्या घराचे फोटो पाहिले, खिडकी छान आहे, पडदे बदल.

आता काम. लेख सोबत पाठवतेय. मोजमापाचा भाग आणि डबिंगचा भाग, या दोन्हींत कुठे अडखळलीस तिथे पेन्सिलने खूण कर, गोड बोलू नकोस. आणि 'कॅट कॉन्सर्टो' मधली पहिली दोन मिनिटं मात्रा धरून बघ. माझा ठोक्यांचा हिशेब तुझ्याशी जुळला नाही तर तुझा छापेन. बुधवारी रात्री दहानंतर फोन कर, त्याआधी बाबांच्या मालिका चालू असतात.

तुझी,
अनू

ता. क. डीचबद्दल फोनवर बोलायचं नाही. त्यावर पत्रच हवं, आणि लांब.