फुकट कॉफी न पाजल्याबद्दल

ताई,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

पुस्तक आलं. परवा संध्याकाळी छापखान्यातून पहिला गठ्ठा उचलला आणि स्कूटरवर पायांशी ठेवून घरी आणला. मुलांसाठीचं चोवीस पानी पुस्तक, चित्रं माझी. आभाराचं पान मात्र गेलं. छपाईत पानं आठ-आठच्या हिशेबाने वाढतात, त्यामुळे "एकच पान वाढवा की" म्हटल्यावर प्रकाशकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषयच बदलला. त्या पानावर सहा नावं होती. पहिलं तुमचं.

तेव्हा ते इथे, सगळ्यांसमोर लिहितो. नाव-पत्ता घालत नाही. मागे कुणीतरी तुमच्या कॉफीच्या दुकानाचा व्हिडिओ टाकला, सलग दोन शनिवार गल्लीत रांग लागली, आणि शेजारच्या बंगल्यातल्या काकांनी पार्किंगवरून तुम्हाला जे ऐकवलं ते मी कोपऱ्यातल्या टेबलावर बसून ऐकलंय. ते पुन्हा नको.

तर आभार. तुम्ही मला इतक्या वर्षांत एकदाही फुकट कॉफी पाजली नाहीत, त्याबद्दल.

आईला हे वाक्य वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "हे काय आभार मानणं झालं?" तिला सांगितलं, पुढे येतंय.

२०२२च्या जूनमध्ये मी जाहिरातीतली नोकरी सोडली. चित्रंच काढायची असं ठरवलं होतं, कुठे बसून काढायची ते ठरवलं नव्हतं. घर नारायण पेठेत, दोन खोल्या, चार माणसं आणि एक टीव्ही, जो त्या चौघांपेक्षा जास्त बोलतो. अमृततुल्यात चहा उभ्याने, कप हातात आला की तीन मिनिटांत तुम्ही रस्त्यावर. फर्ग्युसन रस्त्यावर डोसा निम्मा होतो न होतो तोच खुर्चीमागे पुढचं कुटुंब येऊन उभं. वाचनालयात रंग काढून बसता येत नाही. या शहरात खाण्यापिण्याची सोय गल्लोगल्ली आहे, बूड टेकायची नाही.

तुमचं दुकान सापडलं ते पावसामुळे. लॉ कॉलेज रस्त्याच्या आतल्या गल्लीत जुन्या बंगल्याच्या गॅरेजात दिवा दिसला म्हणून शिरलो. सहा टेबलं, पाठ नसलेली स्टुलं (याबद्दल आभार नाहीत, माझ्या कमरेला विचारा) आणि काउंटरमागे तुम्ही. मी विचारलं, "कॉफीत जायफळ घालता का?" आमच्या घरी कॉफी म्हणजे अख्ख्या दुधातली, गोडमिट्ट, वरून जायफळ किसलेली. तीही पाहुणे आले, कुणी आजारी पडलं किंवा परीक्षेचं जागरण असलं तरच. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "जायफळ नाही. कॉफी आहे."

मग कागदाच्या शंकूत पंधरा ग्रॅम पूड मोजून घेतलीत, वर थोडंसं गरम पाणी घातलंत आणि ती फुगेपर्यंत नुसत्या बघत उभ्या राहिलात. बाकीचं पाणी नंतर, गोल गोल, सावकाश. "साखर नंतर मागा. आधी दोन घोट घ्या." पहिला घोट काढ्यासारखा लागला. दुसऱ्यात मागून चिंच-गुळासारखं काहीतरी आलं. चिकमगळूरची कॉफी, एस ७९५ नावाचा वाण, बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्रात तयार झालेला, हे सगळं तुम्ही मी न विचारता सांगितलंत. मग एकशे ऐंशी रुपये घेतलेत. मी तेव्हा मनातल्या मनात त्याचे वडापाव मोजले होते.

तरी दुसऱ्या दिवशी आलो, कारण भिंतीवरची पाटी. "लॅपटॉपला दर दीड तासाला एक कॉफी. वही-पेन्सिलवाल्यांनी निवांत बसावं." माझ्याकडे वही होती. पुणेरी पाटीने कुणाला आत बोलावल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

नंतर कधीतरी सकाळी लवकर आलो, तुम्ही एस्प्रेसोचं यंत्र लावत होतात. अठरा ग्रॅम पूड आत, छत्तीस ग्रॅम कॉफी बाहेर, साधारण अठ्ठावीस सेकंदांत. त्या दिवशी बावीसमध्येच पडली. चाखलीत, तोंड वाकडं केलंत, ओतून दिलीत. दळण बारीक केलंत. पुढची चाळीस सेकंद रखडली. तीही ओतलीत. जुलैतल्या दमट हवेत काल जमलेलं दळण आज जमत नाही, म्हणून रोज सकाळी हे करायचं. चौथा कप तुम्ही स्वतः प्यायलात आणि मग दार उघडलंत. तीन कप मोरीत! मी हिशेब घालत बसलो. किलोभर बियांचे पंचावन्न कप, त्यातले रोज तीन असे. तुम्ही म्हणालात, "बिया परवडतात. भाडं परवडत नाही. मी कॉफी विकतेय असं लोकांना वाटतं. मी खुर्ची विकते, कॉफी ही तिची पावती." त्या आठवड्यात मी वहीतली अकरा पानं फाडली. आधी फाडायला हात धजत नसे.

आणि मंडळी. ध्वनिसंकलन करणारा तो दाढीवाला, जो तुमच्या दळणयंत्राचा आवाज रेकॉर्ड करून घेऊन गेला आणि पुढे एका लघुपटात कारखान्याचा म्हणून वापरला. एफटीआयआय ही सिनेमा शिकवणारी संस्था हाकेच्या अंतरावर, त्यामुळे तशांची तुमच्याकडे कमी नाही. ऑगस्टमध्ये पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका बसवणारी कॉलेजची पोरं. दहा जण, तीन कॉफ्या, संहिता वाचता वाचता एकजण इतका रडला की बाजूच्या टेबलावरच्या बाईंनी त्याला पाणी दिलं. त्याला अभिनय म्हणतात हे त्यांना कुणी सांगितलं नाही. आणि आजोबा. दिवाळी अंकांची मुद्रितं तपासणारे, लाल पेनवाले. "गुडलक कॅफे पस्तीस सालचं. आम्ही तिथे बन-मस्क्यावर अख्खे अंक ठरवले," असं दर तिसऱ्या दिवशी सांगणारे, आणि तरी तुमच्याकडे येणारे, कारण तुमच्याकडे उजेड चांगला.

आता पाटीची गोष्ट. ही लिहायचीच होती.

दुकानांच्या पाट्या मराठीत हव्यात हा नियम २०२२मध्ये दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानांनाही लागू झाला, आणि सप्टेंबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली. गावभर फ्लेक्स छापून घ्यायची धावपळ सुरू झाली. तुमच्या आधीच्या पाटीवर फक्त इंग्रजी. तुम्ही माझ्या टेबलाशी आलात. "पाटी रंगवाल? हाताने. सहा फूट बाय दोन."

मी म्हणालो, "हो, आनंदाने."

"किती घ्याल?"

"तुम्हीच बघा. द्याल ते."

तुम्ही हातातलं फडकं खांद्यावर टाकलंत. "मी माझ्या कॉफीचा भाव गिऱ्हाइकाला ठरवायला सांगते का?"

ताई, त्याआधीच्या सव्वा वर्षात मी एका मासिकाला आठ रेखाटनं दिली होती, मानधन अजून यायचंय. एका ओळखीच्यांनी मुलीच्या लग्नाची पत्रिका काढून घेतली होती आणि आहेर म्हणून नारळ दिला होता. "तुझं नाव होईल" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की नाव झालं असतं तर आत्तापर्यंत झालंच असतं. भाव सांगायची सवयच नव्हती मला. तुम्ही बिलाचा कागद उलटा केलात, पेन दिलंत आणि समोर बसलात. मी लिहिलं, सहा हजार. तुम्ही विचारलंत, रंग कुणाचा? पत्रा घासून अस्तर कोण मारणार? शिडी? आधीची कच्ची रेखाटनं किती दिवस? एकेक ओळ वाढत साडेआठ हजारांवर गेली. निम्मे तुम्ही तिथल्या तिथे पाठवलेत. मग काउंटरवर जाऊन म्हणालात, "सकाळच्या दोन कॉफ्यांचे राहिलेत."

मी दिले. तीनशे साठ.

ते सव्वाचार हजार मिळाल्याचा आनंद झाला, पण त्याहून त्या तीनशे साठचा झाला, हे आईला समजावता आलं नाही. उपकार केलेल्या माणसाकडून कुणी लगेच उधारी वसूल करत नाही. तुम्ही केलीत, म्हणजे ते काम होतं.

अक्षरांवर मग तीन आठवडे गेले. कॉम्प्युटरवरच्या बऱ्याच फॉन्टांत हिंदी वळणाचे ल आणि श येतात, आणि आपल्याकडच्या कित्येक पाट्यांवर तेच चिकटलेले असतात. मला पाकळीचा ल आणि गाठीचा श हवा होता, शाळेच्या फळ्यावर काढायचे तसा. २००९च्या शासन निर्णयातही तेच लिहिलंय, पण ते वाचून कुणी पाटी रंगवत नाही. खडूचा दोरा मारून शिरोरेषा आखली, आणि ल इतक्या वेळा पुसला की पत्र्यावर ढग तयार झाला. तुम्ही रोज येऊन बघायचात. एकदाच बोललात, "पाकळी जाड झालीय, कोबी वाटतोय." बरोबर होतं. पुसला.

आतल्या फळ्यावरून तर भांडणच झालं. 'लाटे' की 'लाते'? मूळ इटालियन उच्चार त-चा, म्हणून दाढीवाला 'लाते'वर अडून. आजोबांनी लाल पेन उचललं. "लाते लिहिलंत तर लोक लाथ वाचतील. पुण्यात ती मिळतेच, पैसे कोण देईल?" 'लाटे' ठरलं.

त्या पाटीखाली उभं राहून फोटो काढलेल्या एका बेकरीवाल्याने मला पुढची पाटी दिली. मग एक पुस्तकाचं मुखपृष्ठ, मग हे पुस्तक. दर वेळी मी उलट्या बिलाच्या कागदासारखाच कागद घेऊन बसतो आणि ओळी वाढवतो. शिडी विसरत नाही.

मध्ये ब्राझीलच्या दुष्काळाने जगभर कॉफी कडाडली, २०२५च्या फेब्रुवारीत अरेबिका जातीच्या कॉफीने भावाचा विक्रम केला, तेव्हा तुम्ही वीस रुपये वाढवलेत. फळ्यावर मी लिहिलेली ओळ अजून आहे: "ब्राझीलला पाऊस नाही, म्हणून एरंडवण्यात वीस रुपये जास्त. तक्रार ढगांकडे." दोन गिऱ्हाइकं रागावली. बाकीच्यांनी फोटो काढले. आणि हो, फळ्याच्या तळाशी आता 'जायफळवाली' आहे. ती मेन्यूवर यावी म्हणून मी दोन वर्षं भुणभुण केली. आज ती किती खपते ते तुम्ही मला सांगत नाही, पण किसणी दोनदा बदललेली मी पाहिलीय.

बंगला पाडून तिथे आठ मजली होणार, हे परवा आजोबांकडून कळलं. तुम्ही बोलला नाहीत. दिवाळीनंतर कोथरूडला जागा बघताय म्हणे. पाटी पत्र्याची आहे, चार स्क्रू काढले की निघते, मी येतो स्क्रूड्रायव्हर घेऊन. खालच्या कोपऱ्यात पावसाने रंग सोडलाय तोही तेव्हाच लावू. त्याचं वेगळं बिल होईल.

गुरुवारी सकाळी येतो, दार उघडायच्या आधी, चौथ्या कपाला. पुस्तकाची एक प्रत आणतोय. किंमत एकशे साठ. सुटे काढून ठेवा.

आपला,
कोपऱ्यातल्या टेबलावरचा, वहीवाला