प्लॅस्टर निघाल्यानंतरचा हात

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर तू मला हात दाखवलास, पण माझे लक्ष मनगटापेक्षा दुसरीकडेच होते. दाखवून झाल्यावर तू तो लगेच मांडीवर ठेवलास आणि दुसऱ्या हाताने झाकून घेतलास. सहा आठवड्यांचे प्लॅस्टर निघाले, एक्स-रेमध्ये हाड जुळलेले दिसले, डॉक्टरांनी हात वापरायला सांगितले, तरी तू तो अजून गळ्यातल्या झोळीत असल्यासारखाच सांभाळते आहेस. दोन वर्षांपूर्वी येथे बर्फावरून घसरून माझे मनगट मोडले तेव्हा मीही नेमके हेच केले होते आणि ते निस्तरण्यात पुढचे सात-आठ महिने गेले. फोनवर घाईत सांगितलेले मागे पडते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

तुझ्या कागदावर ‘कोलीज फ्रॅक्चर’ असे लिहिलेले आहे आणि त्या नावाने तू घाबरलीस, असे बाबा म्हणाले. घाबरू नकोस. पडताना आपण हात पुढे टेकतो आणि सगळा भार तळहातावर येतो, तेव्हा अंगठ्याच्या बाजूचे रेडियस नावाचे हाड मनगटाच्या जरा वर मोडते. डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कोलीज यांनी १८१४ मध्ये, म्हणजे क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या ८१ वर्षे आधी, या मोडण्याचे वर्णन केले, म्हणून त्यांचे नाव त्याला चिकटले. फार जणांचे हे हाड मोडते आणि डॉक्टरांच्या हाताला ते चांगले परिचयाचे आहे.

हाड जुळले आणि हात बरा झाला, या दोन गोष्टी मात्र वेगळ्या आहेत. मोडलेल्या जागी आधी रक्त साकळते, मग दोन-तीन आठवड्यांत मऊ सांधणी तयार होते, पुढे ती कठीण होते आणि त्यानंतर कित्येक महिने शरीर त्या ओबडधोबड सांधणीला आकार देत राहते. हा आकार कसा द्यायचा, हे हाडावर पडणाऱ्या भारावरून ठरते. जर्मन शल्यविशारद युलिउस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलेले तत्त्व ते हेच. त्यामुळे बेताने वापरलेला हात हाडाला अपाय करत नाही, उलट मदतच करतो. दरम्यान सहा आठवडे स्थिर राहिल्याने सांध्याभोवतालचे आवरण आखडलेले असते, स्नायू रोडावलेले असतात आणि बोटांकडे जाणाऱ्या दोऱ्यांसारख्या कंडरा, ज्यांना टेंडन म्हणतात, त्या आपापल्या खोबणीत मोकळेपणाने सरकत नाहीत. तुला आज जे दुखते आणि अडते, ते बहुतांशी यामुळे. हाड पुन्हा सुटत आहे, असा त्याचा अर्थ मुळीच नाही.

माझी चूक बोटांची झाली. प्लॅस्टर घालताना मला बोटे हलवत राहण्यास कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. सूज आली होती, हात खाली सोडला की ठणकत असे, म्हणून मी बोटे अर्धवट वाकलेल्या स्थितीत तशीच ठेवली. प्लॅस्टर निघाले त्या दिवशी मूठ वळायला गेले, तर बोटांची टोके तळहातापासून चांगली तीन सेंटिमीटर दूरच थांबली. फिजिओथेरपिस्ट बाईंनी कोनमापकासारखे एक साधन लावून मनगट मोजले. डावे मनगट मागे ७० अंश वळत होते, उजवे केवळ २०. तो आकडा पाहून मला रडू आले. त्या मात्र शांतपणे म्हणाल्या की, आजचा आकडा आजचा आहे, पुढच्या आठवड्यात पुन्हा मोजू. दर आठवड्याला मोजण्याचा फार आधार वाटतो, कारण रोजची थोडी थोडी प्रगती आपल्याला जाणवत नाही.

आता तू काय करायचेस ते लिहिते. तुझ्या फिजिओथेरपिस्टने वेगळे सांगितले असेल तर अर्थातच त्यांचे ऐक, कारण हात त्यांनी पाहिला आहे. आधी दहा मिनिटे हात कोमट पाण्यात ठेव आणि पाण्यातच बोटे उघडमीट कर. मग टेबलाजवळ बसून कोपरापासूनचा हात टेबलावर टेकव, पंजा कडेबाहेर सोड आणि मनगट सावकाश वर उचल, सावकाश खाली सोड. वर उचलताना मूठ सैल वळलेली असू दे, नाहीतर मनगटाचे काम बोटे करू लागतात. त्यानंतर कोपर कमरेला चिकटवून तळहात उताणा-पालथा कर. उताणा करणे सर्वांत जड जाईल आणि तेव्हा खांदा झुकवून फसवण्याचा मोह होईल. कोपर शरीराला टेकलेले आहे ना, तेवढे बाबांना पाहू दे. प्रत्येक हालचाल दहा वेळा, दिवसातून चार-पाच वेळा. एकदाच तासभर करण्यापेक्षा थोडे थोडे पुष्कळ वेळा केलेले सांध्याला अधिक मानवते. रोज हात डोक्यावर पूर्ण नेऊन खांदाही हलव, कारण मनगटाच्या दुखण्यात खांदा आखडून बसल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

दुखणे किती सोसायचे, हा तुझा प्रश्न होता. ताण बसल्यासारखे दुखले आणि थोड्या वेळात निवले, तर ते चालते. रात्रभर ठणकत राहिले किंवा दुसऱ्या दिवशी सूज वाढली, तर व्यायाम जास्त झाला असे समजून निम्मा कर, पण बंद करू नकोस. आणि आई, कोणालाही तो हात धरून ओढू देऊ नकोस किंवा रगडून चोळू देऊ नकोस. जोरजबरीने सांधा मोकळा होत नाही. सूज वाढते, आणि कोपरासारख्या सांध्यात तर अशा रगडण्याने स्नायूतच हाड धरण्याची भीती असते. हात तुझ्या स्वतःच्या बळानेच मोकळा होऊ दे.

काही लक्षणे दिसली तर मात्र थांबू नये. हाताची आग होणे, कातडी चकचकीत, लालसर किंवा निळसर होणे, नुसत्या स्पर्शानेही कळ येणे, अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना सतत मुंग्या येणे, किंवा काल सरळ होणारा अंगठा आज अचानक वर न उचलला जाणे. हे शेवटचे फारसे कोणी सांगत नाही, पण हाड चांगले जुळलेले असतानाही काही आठवड्यांनी अंगठ्याचे टेंडन झिजून तुटू शकते. यांपैकी काहीही जाणवले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

हलकी कामे आताच त्या हाताने सुरू कर. शर्टाची बटणे लाव, पाने उलट, कपड्यांच्या घड्या घाल. भरलेले भांडे किंवा जड पिशवी उचलण्याची घाई नको, ते डॉक्टर सांगतील तेव्हा. माझ्या बाबतीत कुलपातली किल्ली सर्वांत शेवटी वळली. पाचव्या महिन्यात एका संध्याकाळी ती उजव्या हाताने सहज फिरली आणि मी दारातच उभी राहून कुलूप दोनदा लावले, दोनदा उघडले. पूर्ण ताकद यायला वर्षही लागते, तेव्हा तिसऱ्या महिन्यात निराश होऊ नकोस.

आणखी एक गोष्ट मला हातापेक्षाही महत्त्वाची वाटते. उभ्या उंचीवरून साधे पडून तुझ्या वयात मनगट मोडते, तेव्हा हाडे ठिसूळ झाली आहेत का, हे पाहणे आवश्यक असते, कारण पुढच्या वेळी खुब्याचे हाड मोडू शकते आणि ते दुखणे फार मोठे असते. हाडांची घनता मोजणारी डेक्सा नावाची तपासणी आहे. ती वेदनारहित असून काही मिनिटांत होते. ड जीवनसत्त्वाची पातळीही पाहून घ्या, आणि ओट्याला किंवा भक्कम खुर्चीला धरून रोज थोडा वेळ एका पायावर उभी राहत जा, म्हणजे तोल सुधारेल. याबाबतीत मी बाबांनाही वेगळे सांगणार आहे.

रविवारी फोन करीन तेव्हा फोन बाबांच्या हातात दे आणि टेबलाच्या कडेवर हात ठेवून मनगट किती वर जाते ते मला दाखव. मी वहीत लिहून ठेवीन आणि त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा पाहीन.

बाबांना शि. सा. न.

तुझी,
लेक