लायटनिंग कॉलची किंमत शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

हे पत्र नुसतं तुमच्या वाईच्या पत्त्यावरही धाडता आलं असतं. पण आमच्या टीममध्ये नवं कोणी आलं की आठवड्याभरात मला विचारतंच, आपल्याकडे अलर्टना, म्हणजे यंत्रणेत काही बिघडलं की फोनवर येणाऱ्या सूचनांना, ‘ऑर्डिनरी’, ‘अर्जंट’ आणि ‘लायटनिंग’ अशी नावं कशी पडली? दरवेळी मी तुमची गोष्ट तुकड्यातुकड्यांत सांगतो. एकदा ती पूर्ण, सगळ्यांसमोर सांगून तुमचे आभार मानायचे होते.

दोन वर्षांपूर्वीची धनत्रयोदशी तुम्हाला आठवत असेल. आमची टीम दुकानांतल्या क्यूआर पेमेंटची एक कडी सांभाळते. संध्याकाळी साडेसातला सोनारांकडे, भांड्यांच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नव्हती, आणि नेमकी तेव्हाच दुकानदाराला जाणारी ‘पैसे मिळाले’ ही खात्री अडकली. गिऱ्हाइकाच्या खात्यातून पैसे गेलेले, दुकानातला स्पीकर मात्र गप्प. चाळीस मिनिटं हे चाललं. अलर्ट पहिल्या दोन मिनिटांतच आला होता. पण त्या संध्याकाळी माझ्या फोनवर तीनशेच्या वर सूचना आल्या होत्या, त्यात तो बुडाला. ड्यूटीवरच्या मुलीच्या फोनवरही तेच. रात्री ती फोनवर रडत होती आणि तिचा प्रमुख असूनही तिला काय सांगावं ते मला कळत नव्हतं.

पाडव्याला तुम्ही आणि काकू वरच्या मजल्यावरून आमच्याकडे फराळाला आलात. मी चहा पुढ्यात ठेवून फोनच बघत होतो. तुम्ही रागावला नाहीत. चष्मा पुसलात, हात पुढे केलात आणि म्हणालात, “दाखव बरं, काय काय वाजतंय ते.” मग एकेका सूचनेवर बोट ठेवून एकच प्रश्न विचारत गेलात: “हे बघून तू उठून काय केलंस?” आपण शंभर मोजल्या. उठून काही केलं अशा चार निघाल्या.

तुम्ही १९७४ साली पोस्ट आणि तार खात्यात लागलात. १९८५ मध्ये टपाल आणि दूरसंचार वेगळे झाले, २००० मध्ये बीएसएनएल आलं, तरी तुम्ही स्विच रूममध्येच राहिलात. स्ट्राउजर, म्हणजे जुन्या यांत्रिक टेलिफोन एक्स्चेंजच्या खटखटीवरून लोड वाढल्याचं कानाने कळायचं, हे तुम्ही मला आधीही सांगितलं होतं. पण त्या दिवशी अलार्मचं सांगितलंत. तातडीच्या अलार्मला घंटा आणि लाल दिवा, रात्रीच्या माणसाने धावायचं. बाकीच्याला नुसता दिवा, तो सकाळच्या पाळीसाठी. “घंटा बंद करायला उठलास आणि दुसरं काहीच करावं लागलं नाही, तर ती घंटा तिथे लावणाराच चुकलाय.” आमच्या क्षेत्रात यावर जाडजूड पुस्तकं आहेत. मी ती वाचलीही होती. पण ते मला समजलं तुमच्या त्या एका वाक्याने, चकलीची बशी मध्ये ठेवून.

आणि मग ट्रंक कॉलचं, म्हणजे ऑपरेटरकडून जोडून घ्यायच्या बाहेरगावच्या फोनचं. १८० फिरवून कॉल बुक करायचा, ऑपरेटर विचारणार: ऑर्डिनरी, अर्जंट की लायटनिंग? लायटनिंगला दर कित्येक पट, म्हणून माणूस क्षणभर थांबायचा. घरात कोणी अत्यवस्थ आहे की नुसतं कुशल विचारायचंय, हे बोलण्याआधी मनाशी ठरवावं लागायचं. तुम्ही म्हणालात, “तेव्हा घाईचे पैसे घाई करणारा भरायचा. आता ज्याचा फोन वाजतो तो भरतो.”

काका, गेली दोन वर्षं मी जे काही नीट केलं असेल ते याच वाक्यातून आलंय.

दिवाळीनंतर आम्ही दोन दिवस मीटिंग रूममध्ये बसून प्रत्येक अलर्ट भिंतीवर लावला. ज्याच्यापुढे ‘काय करायचं’ हे कोणालाच लिहिता येईना तो काढून टाकला. उरलेल्यांचे तुमचे तीन वर्ग केले. ऑर्डिनरी सकाळी बघायचा, अर्जंट तासाभरात, आणि रात्री फोन वाजवायचा हक्क फक्त लायटनिंगला. माणसाने माणसाला लायटनिंग लावायचा असेल तर आधी दोन ओळीत कारण लिहायचं आणि बिघाड सुटेपर्यंत स्वतःही कॉलवर थांबायचं. किंमत लावणाऱ्याने भरायची. पहिल्या महिन्यात काहींनी कुरकुर केली. मग रात्रीचे फोन इतके कमी झाले की ती मुलगी एकदा म्हणाली, आता फोन वाजला की भीती नाही वाटत, काम आहे हे कळतं.

माझ्याबद्दलचं मात्र तुम्ही एकट्यात सांगितलंत, जिन्यात. रात्री साडेअकराला मला काही सुचलं की मी टीमच्या ग्रुपवर टाकून द्यायचो. विसरायला नको, एवढाच हेतू. उत्तर सकाळी दिलं तरी चालेल, असं मी मनाशी धरून चालायचो. तुम्ही म्हणालात, “साहेबाचा फोन कधीच ऑर्डिनरी नसतो रे.” मी घरी जाऊन मागचे मेसेज चाळले. माझ्या प्रत्येक ‘सहज’ला पाच-दहा मिनिटांत कोणीतरी उत्तर दिलेलं होतं, एकाने तर मध्यरात्रीनंतर. त्या दिवसापासून रात्री सुचलेलं मी वहीत लिहितो आणि सकाळी साडेनऊनंतर पाठवतो. त्यातलं निम्मं सकाळी पाठवावंसंही वाटत नाही.

ती वही कुठे असते सांगू? वाईला जाताना तुम्ही मला जो सागवानी टेलिफोन स्टँड दिलात, त्याच्या खालच्या कप्प्यात, जिथे तुमची डिरेक्टरी असायची. दोऱ्याने बांधलेली पेन्सिलही तशीच आहे, दोरा फक्त बदलला. घरात शिरलो की फोन त्या स्टँडवर, दाराजवळ, चार्जरला. बघायचा असेल तर उभं राहून बघायचा. उभ्याने फार वेळ फोन बघवत नाही, हे मला पन्नाशी जवळ आल्यावर कळलं. एकदा तुम्ही माझ्या खांद्यावरून स्क्रीन बघत विचारलं होतंत, “हे संपतं कुठे?” संपत नाही, काका. २००६ मध्ये ते न संपणारं स्क्रोल तयार करणाऱ्या आझा रास्किनने पुढे त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. तुमचा प्रश्न नेमका त्याच जागी बोट ठेवणारा होता.

आता पॉडकास्टचं, कारण ते सगळ्यात जास्त तुमचं आहे. कोथरूडहून हिंजवडीला जाता-येता बसमध्ये मी दुप्पट वेगाने तीन-तीन भाग ऐकायचो आणि आपण शिकतोय असं समाधान असायचं. एका रविवारी वेताळ टेकडीवर तुम्ही म्हणालात, “काल काय ऐकलंस ते सांग.” मला विषय आठवला, पुढे काही नाही. तेव्हा तुम्ही जबलपूरच्या ट्रेनिंग सेंटरचं सांगितलंत. दिवसभराचं लेक्चर रात्री शेजारच्या खाटेवरच्या मित्राला सांगायचं, त्याला कळलं तर आपल्याला कळलं. त्या रविवारपासून आपलं ठरलं: आठवड्याला एकच भाग, साध्या वेगाने, आणि टेकडी चढताना तो तुम्हाला मराठीत सांगायचा.

मराठीत सांगताना इंग्रजी शब्दांच्या आड लपता येत नाही. ‘एरर बजेट’ समजावताना मी अडखळलो, तेव्हा तुम्ही वाटेतल्या दगडावर बसून विचारलंत, “म्हणजे बिघाडाचा कोटा आधीच ठरवून ठेवायचा?” अगदी तेच. सेवा ९९.९ टक्के चालू ठेवायची कबुली दिली, तर तीस दिवसांत जेमतेम ४३ मिनिटं बिघाड परवडतो. तो कोटा संपला की नवीन काही जोडायचं थांबवायचं, आधी आहे ते धड करायचं. धनत्रयोदशीची चाळीस मिनिटं त्या हिशेबात मांडून दाखवली, तेव्हा तुम्ही बराच वेळ बोलला नाहीत. मग म्हणालात, “एका संध्याकाळीत महिना संपला की.” पुढच्या आठवड्यात वरिष्ठांसमोर मी हेच वाक्य वापरलं, आणि नवी कामं सहा आठवडे पुढे ढकलायला ते तयार झाले. तिथे तुमचं नाव घेतलं नाही, याची रुखरुख होती. आज घेतलं असतं, पण तुम्हाला आवडणार नाही हे ठाऊक आहे.

तुम्ही वाईला गेल्यापासून टेकडीवर मुलगा येतो. तो नववीत आहे. तुमच्याइतके प्रश्न विचारत नाही, पण मला मध्येच थांबवून “हे तू ऐकलेलं सांगतोयस की तुझं?” असं विचारायला शिकलाय.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं वाईला येतोय. तुमच्यासाठी एक भाग राखून ठेवलाय, समुद्राखालच्या केबल तुटल्यावर त्या कशा जोडतात त्याचा. घाटावर बसून सांगेन. निघताना फोन करतो, काकूंना घाई करू नका म्हणावं. ऑर्डिनरी कॉल असेल.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा