काडु मल्लेश्वराच्या आवारातून

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, ‘तिकडं परमुलखात आपलं कोण आहे?’ मला तेव्हा काही सुचलं नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

बंगळूरच्या आमच्या या मल्लेश्वरम भागाला नाव पडलं ते इथल्या काडु मल्लेश्वराच्या, म्हणजे महादेवाच्या, देवळावरून. काडु म्हणजे रान. प्लेगनंतर 1898 च्या सुमारास इथं वस्ती आखली. त्याआधी देव खरोखरच रानात होता. आता चारी बाजूंनी बंगले आणि रिक्षा आहेत, पण आवारात शिरलं की अजून झाडांची गार सावली लागते. झाडाखाली नागशिळा ओळीनं मांडलेल्या आहेत, त्यांना रोज हळदकुंकू लागतं. आई, तू असतीस तर तिथंच बसली असतीस.

या देवळाचा 1669 सालचा एक शिलालेख आहे. मल्लिकार्जुनाला, म्हणजे याच मल्लेश्वराला, मेदरनिंगनहळ्ळी हे गाव इनाम दिल्याचा. देणारा कोण, तर एकोजीराजे! तुकाबाईसाहेबांचे व्यंकोजी, शिवरायांचे सावत्र भाऊ. बंगळूर शहाजीराजांना 1638 मध्ये जहागिरीत मिळालं, हे तुम्हीच मला शाळेत असताना शिकवलं होतंत. पुढं एकोजींनी तंजावर घेतलं, तेही तुमच्याच तोंडून ऐकलेलं. त्या शिलालेखाबद्दल वाचलं त्या दिवशी नोकरीतला वाईट दिवस होता, डोळे भरून आले. साडेतीनशे वर्षांपूर्वी आपली भाषा बोलणाऱ्या एका माणसानं इथं देवापुढं हात जोडले, आणि त्याच्या दानाची आठवण या कानडी मुलखानं आजवर जपली.

समोर रस्त्यापलीकडं नंदीतीर्थ आहे. मातीखाली गाडलेलं होतं, 1990 च्या दशकाच्या शेवटी उकरून काढलं. नंदीच्या तोंडातून पाण्याची धार खालच्या पिंडीवर पडते आणि तिथून कल्याणीत, म्हणजे पायऱ्यांच्या कुंडात, उतरते. पाणी कुठून येतं याबद्दल प्रत्येक जण वेगळं सांगतो. मला ते विचारत बसावंसं वाटत नाही. वाईच्या काशीविश्वेश्वराच्या नंदीपाशी तू मला कडेवर घेऊन उभी राहायचीस ना आई, तो गार दगड आठवतो आणि तेवढ्यानं भागतं.

दर सोमवारी जाते. फुलवाली मल्लिगे, म्हणजे मोगरा, कोपरापासून बोटापर्यंत मोजून देते, त्या मापाला ‘मोळ’ म्हणतात. तिला आता माझं तोडकं कानडी कळतं. ‘अम्मा बरल्लवा?’ म्हणून तुझी चौकशी करते. आई येणार नाही का, असं. मी दर वेळी ‘येईल’ म्हणते, आणि ते खरं व्हावं असं फार वाटतं.

कार्तिकात या. त्या दिवसांत देवळाच्या रस्त्यावर कडलेकाई परिषे, म्हणजे शेंगांची जत्रा भरते. ओल्या, भाजलेल्या, उकडलेल्या, शेंगांचे ढीगच्या ढीग. बाबा, तुमच्या गुडघ्यांची काळजी आहे, देवळाला पायऱ्या आहेत. पण घाई कुणाला आहे? एकेक पायरी चढू, मी हात धरीन. पहाटेच्या पूजेला गर्दीही कमी असते.

रात्रीच्या गाडीची खालची दोन तिकिटं मी इथून काढते, तुम्ही फक्त तारीख कळवा. आणि आई, परसातल्या बेलाची पानं ओल्या फडक्यात गुंडाळून आण, सोमवारी पिंडीवर आपल्या घरची वाहू.

तुमची,
ताई